मेल सर्व्हरची अनुमती-सूची : पत्र हे पत्रच राहावे म्हणून

गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली रेल्वे डोंगरगड व राजनांदगाव ओलांडून दुर्गच्या पुढे गेली, की भिलाई पोलाद कारखान्याचा विस्तीर्ण परिसर लागतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा कारखाना ही भिलाईची देशभरची ओळख आहे. कारखान्याच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. अशा कारखान्याच्या प्रवेशद्वारावर उभा असलेला जवान जगातील सर्व चोरांची यादी हातात घेऊन येणाऱ्याचा चेहरा तपासत नाही. वैध प्रवेशपत्र असलेल्यालाच तो आत सोडतो आणि इतर सर्वांना, ते सज्जन असले तरी, बाहेर थांबवितो.

प्रवेशद्वारावरील हे साधे तत्त्व संगणकविश्वात स्वीकारले जाण्यास बराच काळ जावा लागला आणि त्यासाठी मोठी किंमतही मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या तत्त्वाचा एका विशिष्ट ठिकाणी कसा उपयोग होतो, ते पाहावयाचे आहे. हे ठिकाण म्हणजे मेल सर्व्हर. मेल सर्व्हरला कोणते प्रोग्रॅम चालविण्याची मुभा असावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु कारखाना, महापालिका, विद्यापीठ, रुग्णालय अशा प्रत्येक संस्थेच्या कामकाजाची सुरक्षितता त्याच्याशी निगडित आहे. सायबर सुरक्षा हा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमाचा भाग असल्याने विद्यार्थ्यांनीही तो मुळापासून समजून घेणे इष्ट ठरेल.

मेल सर्व्हर प्रोग्रॅम का चालवितो?

ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमावलीनुसार होते, ती ‘एसएमटीपी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला तिचा एक महत्त्वाचा मसुदा ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमावलीनुसार एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टशी संपर्क साधतो, पत्र पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता सांगतो आणि मग पत्राचा मजकूर सुपूर्द करतो. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. टपालपेटीप्रमाणेच मेल सर्व्हरचे दारही अनोळखी माणसासाठी उघडे ठेवावे लागते. केवळ ओळखीच्या व्यक्तींचीच पत्रे स्वीकारावयाची असे ठरविले, तर सार्वजनिक संस्थेच्या पत्त्याला अर्थच उरणार नाही.

बहुसंख्य पत्रे संबंधित व्यक्तीच्या पेटीत टाकली, की सर्व्हरचे काम संपते. काही पत्रांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. अधिकारी रजेवर असल्यास पत्र लिहिणाऱ्याला आपोआप उत्तर जावे लागते. तक्रारीच्या पत्त्यावर आलेल्या पत्राला क्रमांक देऊन त्याची नोंद करावी लागते. एका पत्त्यावर आलेले पत्र शेकडो सदस्यांना वाटावे लागते, तर काही पत्रे विषयानुसार निरनिराळ्या कप्प्यांत लावावी लागतात. ही कामे सर्व्हर स्वतः करीत नाही. त्यासाठी तो दुसरा एखादा प्रोग्रॅम सुरू करतो आणि पत्राचा मजकूर त्याच्या हाती देतो.

युनिक्स व लिनक्स प्रणालींमध्ये ही व्यवस्था साधी असते. टोपणपत्त्यांच्या फाईलमध्ये एखाद्या पत्त्यासमोर व्यक्तीच्या नावाऐवजी उभी रेघ, म्हणजे ‘पाइप’चे चिन्ह, व त्यापुढे प्रोग्रॅमचे नाव लिहिले, की त्या पत्त्यावर येणारे प्रत्येक पत्र त्या प्रोग्रॅमकडे जाते. सर्व्हरवर खाते असलेला वापरकर्ताही आपल्या ‘फॉरवर्ड’ फाईलमध्ये अशी ओळ लिहू शकतो. सोय मोठी आहे, आणि धोक्याचे मूळही याच सोयीत आहे.

धोका नेमका कोठे?

प्रोग्रॅम सुरू करण्यासाठी मेल सर्व्हर पूर्वापार ‘शेल’ची मदत घेत आला. शेल म्हणजे आज्ञांची ओळ वाचून ती अमलात आणणारा दुभाषी. हा दुभाषी अत्यंत आज्ञाधारक असतो. एका ओळीत अर्धविराम आला, की पहिली आज्ञा संपून दुसरी सुरू झाली असे तो मानतो. डॉलर, कंस, उलटे अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणा दाखविणारी चिन्हे यांनाही त्याच्या लेखी विशेष अर्थ असतो. समजा, पत्त्याच्या जागी कोणी असा मजकूर पाठविला, की ज्यात आधी साधे नाव, मग अर्धविराम आणि त्यापुढे ‘सर्व फाईली पुसून टाक’ अशा अर्थाची आज्ञा आहे. सर्व्हरने तो मजकूर न तपासता शेलच्या हाती दिला, तर शेल नाव वाचून थांबणार नाही, पुढील आज्ञाही तो निमूटपणे पार पाडील.

त्यातच अधिकारांचा प्रश्न मिसळतो. युनिक्स परंपरेनुसार १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्यासाठी ‘रूट’, म्हणजे सर्वोच्च व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याच्या पेटीत लिहिण्याची मुभाही सर्व्हरला हवी असते. त्यामुळे जुने मेल सर्व्हर सर्वाधिकारांनिशी चालत. अनोळखी व्यक्तीकडून आलेला मजकूर, तो आज्ञा म्हणून वाचणारा दुभाषी आणि आज्ञा अमलात आणण्याचे पूर्ण अधिकार या तीन गोष्टी एकत्र आल्या, की पत्र हे पत्र राहत नाही, त्याचे आदेशात रूपांतर होते. मेल सर्व्हरच्या सुरक्षेचा सारा खटाटोप हे रूपांतर रोखण्यासाठीच आहे.

१९८८ चा धडा

हा धोका काल्पनिक नाही, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगाला कळले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक स्वयंप्रसारी प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. पुढे तो ‘मॉरिस वर्म’ या नावाने प्रसिद्ध झाला. पसरण्यासाठी त्याने अनेक वाटा वापरल्या. दुसऱ्या एका सेवेतील त्रुटी, संगणकांमधील परस्पर विश्वासाचे संबंध आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड या त्यांतील काही होत. त्यांपैकी एक महत्त्वाची वाट ‘सेंडमेल’ या मेल सर्व्हरमधून जात होती.

एरिक ऑलमन यांनी बर्कले येथे तयार केलेला सेंडमेल त्या काळी युनिक्स संगणकांवर सर्वत्र आढळत असे. चाचणीच्या सोयीसाठी त्यात ‘डीबग’ नावाची आज्ञा ठेवलेली होती आणि अनेक ठिकाणी ती सुरूच राहिली होती. ही आज्ञा दिली, की पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याऐवजी थेट आज्ञांची ओळ देता येत असे आणि सर्व्हर पत्राचा मजकूर त्या आज्ञांकडे सोपवीत असे. वर्मने नेमके हेच केले. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते व त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. वर्मने फाईली पुसल्या नाहीत, परंतु एकाच संगणकावर त्याच्या अनेक प्रती चालू लागल्याने कामकाज ठप्प झाले. मॉरिस याला १९९० मध्ये दोषी ठरविण्यात येऊन तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक स्थापन झाले. आज देशोदेशी कार्यरत असलेल्या ‘सर्ट’ संस्थांची ही सुरुवात होय.

प्रतिबंधित शेल : कार्यपद्धती

डीबगची वाट बंद झाली, तरी मूळ प्रश्न कायम होता. टोपणपत्ते व फॉरवर्ड फाईली यांच्याद्वारे प्रोग्रॅम चालविण्याची सोय संस्थांना हवीच होती. १९९३ मध्ये सेंडमेलमधील अशाच त्रुटी पुन्हा उजेडात आल्या. त्या वर्षी एरिक ऑलमन यांनी लिहिलेला ‘सेंडमेल रिस्ट्रिक्टेड शेल’, संक्षेपाने ‘एसएमआरएसएच’, हा छोटा प्रोग्रॅम वापरण्याची शिफारस अमेरिकेतील प्रतिसाद पथकाने केली. नेहमीच्या शेलच्या जागी सेंडमेलने हा द्वारपाल वापरावा, अशी ही योजना होती.

त्याची कार्यपद्धती समजण्यास सोपी आहे. व्यवस्थापक सर्व्हरवर एक ठरावीक फोल्डर राखून ठेवतो. ज्या प्रोग्रॅमना मुभा द्यावयाची, तेवढेच तो या फोल्डरमध्ये ठेवतो किंवा त्यांचे दुवे तेथे देतो. हे फोल्डर म्हणजेच अनुमती-सूची. पत्रासोबत एखादा प्रोग्रॅम चालविण्याची विनंती आली, की द्वारपाल दोन गोष्टी करतो. पहिली गोष्ट म्हणजे, प्रोग्रॅमच्या नावाआधी दिलेला संपूर्ण मार्ग तो काढून टाकतो व केवळ शेवटचे नाव विचारात घेतो. कोणी प्रोग्रॅमचा मार्ग कोणताही सांगो, शोध फक्त राखीव फोल्डरमध्येच होतो आणि नाव तेथे नसेल, तर विनंती फेटाळली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे, आज्ञेत अर्धविराम, डॉलर, कंस, उलटे अवतरणचिन्ह यांसारखी धोकादायक चिन्हे आढळल्यास तो संपूर्ण आज्ञाच नाकारतो.

येथे व्यवस्थापकाच्या विवेकाची कसोटी लागते. रजेचे उत्तर देणारा किंवा पत्रे कप्प्यांत लावणारा प्रोग्रॅम सूचीत ठेवणे योग्य ठरते. परंतु स्वतः शेल, तसेच ‘पर्ल’सारखी आज्ञावली वाचून ती चालविणारी साधने तेथे कदापि ठेवू नयेत, अशी स्पष्ट सूचना या प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकातच आहे. याचे कारण उघड आहे. अशा साधनाला मुभा देणे म्हणजे एका पाहुण्याला प्रवेशपत्र देऊन त्याला हवे त्याला आत आणण्याची परवानगी देण्यासारखे आहे. अनुमती-सूची तिच्यातील सर्वांत सैल नोंदीइतकीच सुरक्षित असते.

समजा, भिलाईतील एखाद्या शिक्षणसंस्थेने प्रवेशपत्राविषयीच्या तक्रारींसाठी एक ई-मेल पत्ता जाहीर केला आहे. आलेल्या तक्रारीला क्रमांक देणारी आज्ञावली पर्लमध्ये लिहिलेली आहे. काम सुरू होत नाही, कारण द्वारपाल ते नाकारतो. परीक्षा तोंडावर आलेली असते. अशा वेळी ‘पर्लच सूचीत टाका, म्हणजे प्रश्न मिटेल’ असा आग्रह होतो. तो मान्य केल्यास तक्रारींचे काम सुरू होईल, पण त्याबरोबर पर्लमध्ये लिहिता येईल असे कोणतेही काम मेलमार्फत करण्याची वाट उघडी राहील. योग्य मार्ग वेगळा आहे. तक्रार नोंदविण्याचे एकमेव काम करणाऱ्या त्या आज्ञावलीचेच नाव सूचीत ठेवावे. ती फाईल व ते फोल्डर बदलण्याचा अधिकार केवळ व्यवस्थापकाकडे असावा, आणि तक्रारीतील मजकूर आज्ञा म्हणून कोठेही वापरला जात नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. यात अर्धा दिवस जास्त जाईल. तथापि विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व बैठक क्रमांक यांच्या रक्षणासाठी तो खर्च केलाच पाहिजे.

द्वारपालावरही लक्ष हवे

अनुमती-सूची तयार झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. २००२ मध्ये खुद्द या प्रतिबंधित शेलमध्येच त्रुटी आढळली. आज्ञेत दोन उभ्या रेघांची विशिष्ट रचना केली, तर सूचीबाहेरचे प्रोग्रॅमही चालविता येत असल्याचे दिसून आले व दुरुस्ती करावी लागली. म्हणजे द्वारपालाचे प्रशिक्षणही वेळोवेळी अद्ययावत करावे लागते.

दरम्यान मेल सर्व्हरच्या रचनेतही बदल झाले. वीट्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात विकसित केलेला व १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला ‘पोस्टफिक्स’ हा सर्व्हर एकाच मोठ्या प्रोग्रॅमऐवजी अनेक लहान भागांत विभागलेला आहे. बहुतेक भाग मर्यादित अधिकारांनिशी चालतात आणि बाहेरचा प्रोग्रॅम सर्वोच्च अधिकारांनी चालविला जात नाही. कोणत्या प्रकारच्या फाईलमधून प्रोग्रॅम चालविण्यास मुभा आहे, हेही त्यात स्वतंत्रपणे ठरविता येते. टोपणपत्ते व फॉरवर्ड फाईली यांना मूळ मांडणीत ही मुभा असते, सदस्यांच्या याद्यांच्या फाईलींना नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुली केलेली ‘एसई-लिनक्स’ ही व्यवस्था त्याही पुढे जाते. तीत अनुमतीचा निर्णय मेल सर्व्हरवर न सोपविता प्रणालीच्या गाभ्यातच होतो. मेल सर्व्हर फसला, तरी गाभा त्याला सूचीबाहेरचे पाऊल टाकू देत नाही.

तरीही जुना आजार नव्या रूपात परत येतोच. जून २०१९ मध्ये ‘एक्झिम’ या सर्व्हरमध्ये अशी त्रुटी जाहीर झाली, की पत्र घेणाऱ्याच्या पत्त्यात विशिष्ट रचना लिहून सर्वोच्च अधिकारांनी आज्ञा चालविता येत होती. जानेवारी २०२० मध्ये ‘ओपन-एसएमटीपीडी’ या सर्व्हरमध्ये पाठविणाऱ्याच्या पत्त्याची तपासणी अपुरी असल्याचे निष्पन्न झाले व पत्त्यातील आज्ञा शेलपर्यंत पोहोचू शकते, हे दिसून आले. १९८८ नंतर तीन दशके उलटून गेल्यावरही अनोळखी मजकूर, आज्ञाधारक दुभाषी व अमर्याद अधिकार हेच त्रिकूट पुन्हा समोर उभे राहिले होते.

निषेध-सूची की अनुमती-सूची?

सुरक्षेचे दोन मूलभूत मार्ग आहेत. निषेध-सूचीत ज्ञात घातक गोष्टींची नोंद असते व इतर सर्वांना प्रवेश मिळतो. विषाणूरोधक सॉफ्टवेअरची जुनी पद्धत ही या प्रकारची. अनुमती-सूचीत आवश्यक गोष्टींची नोंद असते व इतर सर्वांना नकार मिळतो. पहिली पद्धत सोयीची असते, कारण कोणाचेही काम अडत नाही. परंतु घातक गोष्टींची संख्या अमर्याद असल्याने ती यादी कधीच पूर्ण होत नाही. दुसऱ्या पद्धतीत सुरुवातीला काही कामे अडतात, तक्रारी येतात, प्रत्येक नव्या गरजेसाठी व्यवस्थापकाला विचार करावा लागतो. मात्र संस्थेला खरोखर लागणाऱ्या प्रोग्रॅमची संख्या मर्यादित असल्याने ही यादी पूर्ण होऊ शकते व तपासताही येते. जेथे आवश्यक कामे मोजकी आणि येणारे पाहुणे अनोळखी, तेथे अनुमती-सूचीच योग्य, असा निष्कर्ष यातून निघतो.

भारतातील वैधानिक चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ मध्ये त्यात केलेल्या सुधारणा २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाल्या. परवानगीविना संगणकात प्रवेश करणे, विषाणू सोडणे, कामकाजात अडथळा आणणे आदी कृत्यांसाठी कलम ४३ अन्वये नुकसानभरपाईची तरतूद आहे. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अत्यावश्यक माहिती पायाभूत सुविधांच्या रक्षणासाठी कलम ७०-क अन्वये राष्ट्रीय केंद्राची तरतूद असून त्याची अधिसूचना जानेवारी २०१४ मध्ये निघाली. जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय प्रतिसाद पथकाला कलम ७०-ख अन्वये वैधानिक दर्जा मिळाला.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत देणे व संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील दुसरी तरतूद विशेष महत्त्वाची आहे. मेल सर्व्हरने नाकारलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची नोंद राहिली, तर कोण कोठून दार ठोठावीत होता, हे नंतर कळू शकते. नकाराची नोंद न ठेवणारा द्वारपाल निम्मेच काम करतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा रुग्णांची नोंदणी व इतर कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. तो हल्ला वेगळ्या प्रकारचा होता. परंतु परवानगी नसलेला प्रोग्रॅम एखाद्या संस्थेच्या संगणकावर चालला, तर त्याची झळ शेवटी रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला बसते, हे त्या दिवसांत साऱ्या देशाने पाहिले.

समारोप

आज अनेक संस्थांनी आपली मेल व्यवस्था क्लाउड सेवांकडे सोपविली आहे. त्यामुळे हा प्रश्न संपलेला नाही, केवळ त्याची जागा बदलली आहे. संकेतस्थळावरील अर्ज, मोबाइल ॲप, आपोआप उत्तर देणारे साहाय्यक अशा ज्या ज्या यंत्रणा अनोळखी व्यक्तीचा मजकूर स्वीकारून त्यावर काही कृती करतात, त्या सर्वांना तोच प्रश्न विचारावा लागतो. आलेल्या मजकुरावरून ही यंत्रणा काय काय करू शकते आणि ते कोणी ठरविले?

भिलाईची जडणघडण आता पोलादापुरती मर्यादित राहिलेली नाही. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील कायमस्वरूपी परिसराचे लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. पोलाद घडविणाऱ्या या नगरीत आता संगणक अभियंतेही घडत आहेत. उद्या त्यांच्यापैकी, किंवा हा लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रशासनात अधिकारपदावर असेल आणि सूचीत आणखी एक नाव टाकण्याचा आग्रह त्याच्यासमोर येईल. त्या वेळी ‘यात धोका काय?’ एवढेच विचारून थांबू नये, ‘याची गरज काय?’ हे आधी विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हल्ला झाल्यावरच कळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र परवानगी देण्यापूर्वीच मिळू शकते.